येमेनमध्ये यादवी चालू असताना सौदीच्या जिझानमध्ये कामाला जाणं कितपत धोक्याचं आहे?

ताई, तुमच्या धाकट्या भावाला जिझानला वेल्डरचं काम मिळतंय. एजंट म्हणतो, "युद्ध येमेनमध्ये आहे, सौदीत नाही." क्षेपणास्त्रं खरंच सीमा ओलांडून येतात का आणि त्याला पाठवावं का, असं तुम्ही विचारलंय. मी सिंदेवाही तालुक्यातला, धानाच्या पट्ट्यातला माणूस. २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षं जिझान भागातच पाइप वेल्डर होतो. मलाही जाताना हेच वाक्य ऐकवलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी अंतर समजून घ्या. जिझान शहर तांबड्या समुद्राच्या काठावर आहे. तिथून येमेनची सीमा सरळ रेषेत साठेक किलोमीटर, म्हणजे आमच्या सिंदेवाहीहून चंद्रपूर असावं साधारण तेवढी. सामता, अल-हर्थ हे भाग तर सीमेला लागूनच आहेत. पलीकडच्या डोंगरांत येमेनचा सादा प्रांत, तो हूथींचा, म्हणजे येमेनमधल्या बंडखोर गटाचा, मूळ मुलूख. सप्टेंबर २०१४ मध्ये हूथींनी राजधानी सना ताब्यात घेतली, राष्ट्राध्यक्ष हादी यांना पळावं लागलं आणि २६ मार्च २०१५ पासून सौदीच्या नेतृत्वाखाली अनेक देशांनी येमेनवर विमानहल्ले सुरू केले. उत्तर म्हणून हूथींनी सीमेपलीकडे मारा सुरू केला. येमेनी सैन्याची जुनी सोव्हिएत बनावटीची क्षेपणास्त्रं त्यांच्या हाती आली होती, पुढे इराणची मदतही मिळाली. एका देशाची भाऊबंदकी दुसऱ्या देशातल्या तिसऱ्याच देशाच्या मजुरावर येऊन पडते ती अशी.

सीमेलगतचा धोका आणि आतल्या शहरांचा धोका वेगळा असतो, हे एजंट सांगत नाही. अगदी कडेच्या गावांवर उखळी तोफांचे गोळे आणि कत्युशासारखी रॉकेटं पडत. ती वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतली, सुटल्यापासून मिनिटभरातच येऊन आदळतात. त्यांच्यासाठी सायरन वाजवायलाही वेळ नसतो. सौदी सरकारने २०१५ मध्येच सीमेजवळची कितीतरी गावं रिकामी केली ती याच कारणाने. जिझान शहर, तेल शुद्धीकरण कारखान्याचा परिसर, अबहा, खमिस मुशैत इथे येत ती क्षेपणास्त्रं आणि पुढच्या काळात ड्रोन. ती बहुतेक वेळा हवेतच पाडली जात. म्हणून तुमच्या भावाला "जिझान" एवढंच सांगितलं असेल तर त्याला काहीच सांगितलेलं नाही. जिझान हे शहराचंही नाव आहे आणि अख्ख्या प्रांताचंही.

आता माझ्यावर गुदरलेली रात्र सांगतो. २०१८ चं साल, घरी धानाचे रोवणे चालू होते, म्हणून दिवस लक्षात आहेत. आमचा कॅम्प पोर्टा केबिनचा, एका खोलीत सहा जण. रात्री साडेबारा-एकच्या सुमारास जमिनीतून घरघर आल्यासारखं वाटलं आणि पाठोपाठ वर दोन स्फोट झाले. पत्रा थरथरला. माझ्या शेजारच्या खाटेवर बिहारचा एक पोरगा होता, तो उठून दाराकडे धावला, बघायला. आम्ही सगळेच धावलो. आकाशात पांढरा धूर गोल पसरला होता आणि त्यातून ठिणग्या खाली येत होत्या. आम्ही तोंड वर करून बघत उभे राहिलो. तेव्हा आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं की बघत उभं राहणं हीच सर्वांत मोठी चूक.

कारण हवेत फोडलेलं क्षेपणास्त्र हवेत विरून जात नाही. पॅट्रियटने, म्हणजे ते पाडायला सोडलेल्या सौदीच्या क्षेपणास्त्राने, ते वरच्या वर गाठलं, तरी त्याचा सांगाडा, इंजिन, न जळलेलं इंधन, आणि पॅट्रियटचे स्वतःचे तुकडे, सगळं वेगाने खाली येतं. बातमीत "यशस्वीपणे पाडलं" म्हणतात, ते खरंच असतं, पण खाली कोण उभं होतं हे त्या दोन शब्दांत येत नाही. २५ मार्च २०१८ ला हूथींनी एका रात्रीत सात क्षेपणास्त्रं सोडली. त्यातली तीन रियाधकडे गेली. सौदीने ती पाडल्याचं सांगितलं, आणि पडणाऱ्या तुकड्यांनी रियाधमध्ये एक इजिप्शियन कामगार आपल्या खोलीत मेला. रियाध येमेनच्या सीमेपासून सातशे किलोमीटरच्या पुढे आहे, ताई.

आमच्या त्या रात्री कोणाला काही झालं नाही. सकाळी पाइप यार्डात हातभर लांबीचा वाकलेला पत्रा सापडला, एका कडेने जळून काळा झालेला. फोरमनने उचलला, सुरक्षारक्षकांनी त्याच्याकडून काढून घेतला. आम्हाला ताकीद मिळाली, फोटो काढायचा नाही, कोणाला पाठवायचा नाही. सात वाजता ड्युटी सुरू झाली. माझा हात त्या दिवशी स्थिर राहत नव्हता, एक जोड दोनदा घासून परत मारावा लागला. घरी जायची परवानगी मागितली तर पासपोर्ट कंपनीकडे अडकलेला. कंपनीचं नाव इथे लिहिण्यात अर्थ नाही, पण पासपोर्ट आपल्या हाती नसला तर काय होतं ते मी त्या आठवड्यात शिकलो.

मरतं कोण, हेही बघा. १२ जून २०१९ ला अबहा विमानतळावर क्षेपणास्त्र आदळलं, २६ जण जखमी झाले, त्यात एक भारतीय बाई होती. त्याच महिन्यात त्याच विमानतळावर पुन्हा हल्ला झाला, त्यात एक सीरियन माणूस गेला, जो स्वतःच्या देशातल्या यादवीच्या काळात परक्या मुलखात होता. २४ डिसेंबर २०२१ ला सामत्यात एका दुकानावर मारा झाला. एक सौदी आणि एक येमेनी गेला, सात जखमी. १७ जानेवारी २०२२ ला अबू धाबीच्या मुसफ्फा भागात इंधनाचे टँकर पेटले, तिथे मेलेले तिघंही कामगार, दोन भारतीय आणि एक पाकिस्तानी. सनाहून अबू धाबी हजार किलोमीटरहून लांब आहे. सीमेवरची गावं रिकामी करता येतात, पण ज्याच्या पोटापाण्याचं काम तिथेच आहे त्याला रिकामं करून कुठे नेणार?

हे फक्त तिकडचंच नाही. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर यादवी पेटली. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या लष्कराने तिथल्या चिन राज्यातल्या बंडखोरांच्या तळावर बॉम्ब टाकले, तेव्हा काही बॉम्ब सीमेवरच्या तियाऊ नदीच्या अलीकडे, मिझोरामच्या हद्दीत पडल्याचं तिथल्या गावकऱ्यांनी सांगितलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बांगलादेशच्या बंदरबान जिल्ह्यात तिकडून आलेल्या गोळ्याने एक गृहिणी आणि एक रोहिंग्या मजूर मेला.

आणि एक गोष्ट लिहिल्याशिवाय हे उत्तर खरं होणार नाही. आमच्या कॅम्पवरून रात्री सौदीच्या बाजूची विमानं दक्षिणेकडे, येमेनवर जायची. आमच्याकडे आलं ते येमेनच्या लोकांनी सोसलं त्याच्या तुलनेत फार थोडं होतं. ९ ऑगस्ट २०१८ ला सादा प्रांतातल्या दह्यानच्या बाजारात शाळेच्या मुलांच्या बसवर विमानातून बॉम्ब पडला, ४० मुलं मेली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज आहे की २०२१ अखेरपर्यंत या युद्धात ३ लाख ७७ हजार माणसं गेली, त्यातली बरीचशी भूक, रोगराई आणि औषधपाण्याअभावी. आमच्यासोबत एक म्हातारा येमेनी पहारेकरी होता, विमानं गेली की तो फोन हातात घेऊन बसायचा. त्याच्याशी बोलायला माझ्याकडे अरबी पुरेशी नव्हती. मी त्याला चहा नेऊन द्यायचो, एवढंच.

इकडे माझी माय पण तशीच बसायची. टीव्हीवर "सौदी पर मिसाइल हमला" अशी पट्टी आली की तिला सौदी म्हणजे मीच. सौदी केवढी मोठी, हे तिला कोण सांगणार? मी आयमोवर फोन करून म्हणायचो, "इकडे काहीच नाही माय, ते लांब झालं." त्या २०१८ च्या रात्रीनंतरही हेच सांगितलं. परत आल्यावर शेजारच्या काकूंनी सांगितलं की त्या दिवशी बांधीत रोवणाऱ्या बाया येऊन उभ्या राहिल्या आणि माय छपरीतून उठलीच नाही. मी खोटं बोलतोय हे तिला कळत होतं, आणि खरं किती वाईट आहे हे कळत नव्हतं. त्यापेक्षा मी खरं सांगितलं असतं तर तिला सोपं गेलं असतं, असं आज मला वाटतं. भावाने घरी काय कळवायचं, हे जाण्याआधीच ठरवा. काहीही झालं की तासाभरात एक निरोप, आणि जे झालं ते खरं.

२ एप्रिल २०२२. मी परत येऊन तीन वर्षं झाली होती. गुढीपाडवा होता, गुढी उतरवून झाली होती, सांदवाडीत मोहफुलं वाळत घातली होती. पावणेआठच्या सुमारास पोरं ओरडली म्हणून बाहेर आलो, तर आकाशात आगीच्या रेघा. एकामागून एक, जळत, हळूहळू सरकणाऱ्या. सगळं गाव रस्त्यावर येऊन वर बघत होतं. मी पोरीला उचललं, मायचा हात धरला आणि दोघींना आतल्या खोलीच्या भिंतीशी खाली बसवून वर वाकून राहिलो. माय म्हणत होती, "काहून रे, काय झालं तुले?" मला बोलता येत नव्हतं. पोरगी रडायला लागली, ती आकाशाला नाही, मला भिऊन.

ते क्षेपणास्त्र नव्हतं. आमच्याच तालुक्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलं, पवनपारकडे एक गोळा सापडला. चीनच्या एका रॉकेटचे परत पडलेले अवशेष होते, असं जाणकारांनी सांगितलं. सुदैवाने कोणाला लागलं नाही. आणि त्याच रात्री, आपल्याकडे साडेनऊच्या सुमारास, येमेनमध्ये संयुक्त राष्ट्रांनी घडवून आणलेली शस्त्रसंधी लागू झाली, रमजानच्या पहिल्या दिवशी. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. मी बराच वेळ बांधावर जाऊन बसलो होतो.

ती शस्त्रसंधी कागदावर ऑक्टोबर २०२२ मध्ये संपली, पण सौदी शहरांवर पूर्वी व्हायचे तसे हल्ले त्यानंतर थांबले. मार्च २०२३ मध्ये सौदी आणि इराणने पुन्हा संबंध जोडले, त्याचाही उपयोग झाला. तरी सप्टेंबर २०२३ मध्ये सीमेवर पहाऱ्याला असलेल्या बहरीनच्या सैनिकांवर ड्रोन हल्ला झालाच. माझं मत विचाराल तर जिझान शहर किंवा त्याच्या उत्तरेला काम असेल, कागद पक्के असतील, तर मी जाऊ देईन. सामता किंवा अल-हर्थकडचं काम असेल तर जास्त पगार असला तरी नाही म्हणेन. घरच्या कर्जापायी मी तेव्हा हा फरक विचारलाच नव्हता.

कागदांचं असं. भाऊ दहावी झालेला नसेल तर त्याचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारची परवानगी लागणारा असेल, आणि ती परवानगी ई-मायग्रेट पोर्टलवरूनच घ्यावी लागते. एजंटचा परवाना क्रमांक त्याच पोर्टलवर तपासा. त्याला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, कोणी लाख मागितला तर तिथेच उठून या. प्रवासी भारतीय बिमा योजना ही १० लाखांची आहे, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. युद्धात किंवा हल्ल्यात मृत्यू झाला तर त्यात धरतात का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या, तोंडी नको. जिझान भागासाठी भारताचा वाणिज्य दूतावास जेद्दाहला आहे. पोहोचल्याच्या आठवड्यात त्याने तिथे नाव नोंदवावं, आणि पासपोर्ट, इकामा (तिथला राहण्याचा परवाना), करार यांचे फोटो तुमच्या फोनवर ठेवावेत. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा हक्क त्याचाच आहे.

आणि त्याला एवढं पाठ करून पाठवा. आवाज झाला की बाहेर धावायचं नाही. खिडकीपासून लांब, पक्क्या भिंतीच्या आतल्या बाजूला खाली बसायचं. पोर्टा केबिनमध्ये असेल तर जवळची पक्की इमारत कुठली, हे पहिल्याच दिवशी बघून ठेवायचं. पडलेल्या तुकड्याला हात लावायचा नाही, काही क्षेपणास्त्रांचं इंधन विषारी असतं आणि काही तुकडे फुटायचे राहिलेले असतात. दिफा मदनी, म्हणजे तिथलं नागरी संरक्षण खातं, त्यांना ९९८ वर कळवायचं. व्हिडिओ काढून पसरवायचा नाही, तिथे त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो.

आज रात्री एजंटला फोन करून कामाच्या जागेचं नेमकं गाव विचारा, जिल्हा नाही, गाव. मुक्काम पक्क्या इमारतीत की पत्र्याच्या केबिनमध्ये, तेही विचारा. ते इथे कळवा. त्या बाजूला मी राहिलो असेन तर रस्ता, कॅम्प, सगळं सांगतो.