पोलीस भरती, तीन सेंटिमीटर आणि ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं

सस्नेह नमस्कार,

देवगडहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बारावी सायन्सला, वय सतरा, उंची 162 सेंटिमीटर. पोलीस व्हायचं त्याने मनाशी पक्कं केलंय, आणि पुरुष शिपायासाठी अट 165 ची आहे. जिममधल्या कुणीतरी ‘ग्रोथ हार्मोन’ची इंजेक्शनं सुचवली, आंब्याचे पैसे हातात आले की सुरू करावीत का, असं तुम्ही विचारता. नको. तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय एकही नको.

हे हार्मोन मुलाच्या शरीरात आधीपासूनच तयार होतं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते, ती ते बनवते. ते दिवसभर सारखं झिरपत नाही, अधूनमधून झोताने रक्तात येतं, आणि सगळ्यात मोठा झोत साधारणपणे रात्री पहिली गाढ झोप लागल्यावर येतो. सोडायचं कधी आणि थांबायचं कधी, हे मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग ठरवतो. त्याचा एक संदेश ग्रंथीला चालना देतो, सोमॅटोस्टॅटिन नावाचा दुसरा तिला रोखतो. भुकेच्या वेळी जठरातून येणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन आणि दमवणारा व्यायाम यांनी ग्रोथ हार्मोन वाढतं. रक्तातली साखर चढली की कमी होतं. या हार्मोनमुळे यकृत आयजीएफ-1 नावाचं आणखी एक हार्मोन तयार करतं, हाडांची लांबी वाढण्यात त्याचा मोठा वाटा असतो. आणि आयजीएफ-1 पुरेसं झालं की तेच मेंदूकडे आणि पियुषिकेकडे ‘आता बास’ असा निरोप पोचवतं. बाहेरून टोचलेल्या औषधाला हा लगाम लागू होत नाही. आंब्याच्या कलमाला कल्टार (मोहोर यावा म्हणून देतात ते औषध) घालताना तुम्ही झाडाचा घेर बघून माप ठरवता. इथे तर झाड न बघताच कुणीतरी माप सांगतोय.

उंची वाढते ती हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या पट्ट्यांमुळे. वयात येण्याच्या काळात इस्ट्रोजेनमुळे (बायकांचं म्हणून ओळखलं जाणारं हे हार्मोन मुलग्यांच्या शरीरातही असतं) या पट्ट्या हळूहळू बंद होतात. एकदा बंद झाल्या की कितीही हार्मोन द्या, उंची वाढत नाही. सांधे दुखतात, अंगाला सूज येते, साखर वाढते. फार काळ घेतलं तर हात, पाय, जबडा बेढब होतात. खेळांमध्ये तर हे औषध बंदी असलेल्या यादीत आहे.

म्हणून आधी डाव्या हाताचा, मनगटासकट एक्स-रे काढा. त्यावरून हाडांचं वय कळतं. तो घेऊन कोल्हापूर किंवा मुंबईच्या हार्मोन-तज्ज्ञांना भेटा. मुलगा उशिरा वयात आला असेल, पट्ट्या उघड्या असतील, तर औषधाशिवायही थोडी उंची वाढू शकते. खरंच कमतरता निघाली तर उपचार आहेत, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. नुसतं रक्त एकदा तपासून ‘हार्मोन कमी आहे’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. झोतांच्या मधल्या वेळेत ते सगळ्यांचंच कमी दिसतं. उंची सकाळी, अनवाणी मोजा, संध्याकाळपर्यंत ती जराशी घटते.

तुम्ही लिहिलंय, तो रात्री एकपर्यंत अभ्यास करतो आणि चारला धावायला उठतो. हे मला इंजेक्शनाइतकंच खटकलं. तीन तासांच्या झोपेत वाढणाऱ्या शरीराचं भागत नाही. त्याला दहाला झोपू द्या, धावणं संध्याकाळी ठेवा.

आता करिअरचं. एक्स-रेमध्ये पट्ट्या बंद दिसल्या तर पोलीस शिपाई हा रस्ता सोडावा लागेल, आणि हे त्याला तुम्हीच, शांतपणे सांगा. वर्दीची ओढ असेल तर नौदलाच्या अग्निवीर भरतीत उंचीची अट पोलिसांपेक्षा कमी आहे. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र असेल तर ताजी जाहिरात वाचून तयारी करा. जीवशास्त्र असेल तर रत्नागिरीजवळ शिरगावला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे. चार वर्षांची पदवी, आणि तिथे उंची कुणी मोजत नाही. समुद्राशेजारी वाढलेल्या मुलासाठी मला हा पर्याय मनापासून आवडतो. सीईटीच्या अर्जाची तारीख मात्र चुकवू नका.