आई हजेरी घेते

“घरात वडील नाहीत म्हणूनच हा असा झालाय ना?” समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एका आईंनी खुर्चीत नीट बसायच्या आधीच विचारलं. घटस्फोटाला सहा वर्षं झालेली, मुलगा पंधराचा. चार महिन्यांपासून ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ याच्या पुढे तो सरकत नव्हता. एकत्र कुटुंबातले पालक ‘घरात फार माणसं’ म्हणतात, चौकोनी कुटुंबातले ‘आम्ही दोघंही नोकरीला’ म्हणतात, तक्रार तीच. (दोघांच्या परवानगीने, ओळखखुणा बदलून लिहितेय.)

मुलगा एकटा आला तेव्हा वीसेक मिनिटं बॅगेची चेन वर-खाली करत बसला. मग म्हणाला, “आई बोलत नाही, हजेरी घेते.” गणितात नापास झाल्याचं त्याने आपणहून तिला सांगितलं होतं. ती रागावलीही नाही. पण त्याच रात्री तिने ते फोनवर मावशीला सांगितलं, आणि सकाळी मावसभावाचा मेसेज: ‘काय रे, गणित?’ तेव्हापासून तोंड बंद. घटस्फोटाचा परिणाम होतच नाही असं मी म्हणणार नाही. इथे मात्र गाठ दुसरीकडेच बसली होती.

हे आईंना सांगू का, ते मी त्यालाच विचारलं. “सांगा, पण मी नसताना.”

स्टॅटिन आणि कर या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली स्वीडनमधल्या १४ वर्षांच्या मुलांच्या अभ्यासातून दाखवलं होतं की, पालकांना मुलांबद्दल जे कळतं ते पाळत ठेवून फारसं कळत नाही. बरंचसं मुलं आपणहून सांगतात म्हणून कळतं. आईंना हे पटलं, पण डोळे भरून आले. “मग बहिणीशिवाय मी तरी कुणाशी बोलू?”

एकट्या पालकाची खरी अडचण ही. दिवसभराचं ओझं उतरवायला घरात दुसरं मोठं माणूस नसतं. बहिणीशी बोलणं बंद करा, असं सांगणं क्रूरपणाच झाला असता. ठरलं ते इतकंच: स्वतःचं काहीही सांगा, त्याचं सांगण्याआधी त्याला विचारा.

पाचेक आठवड्यांनी त्या आल्या. त्या कपड्यांच्या घड्या घालत असताना तो शेजारी येऊन म्हणाला होता, “सहलीला नाही जायचं मला.” जिभेवर दहा प्रश्न आले होते म्हणे. विचारला एकच: “मावशीला सांगू का?”

“नको,” म्हणाला, आणि तिथेच बसून राहिला. का जायचं नाही, ते त्यांना अजून कळलेलं नाही.