नोकरी सांभाळून चित्रं काढणाऱ्याने लाइव्ह स्ट्रीमिंग करावं का? त्याने प्रेक्षक वाढतात का?

प्रेक्षक वाढतात का, याचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही. निदान माझे तरी नाहीत. साडेतीन वर्षं झाली, दर मंगळवारी रात्री पावणेदहाला मी यूट्यूबवर लाइव्ह बसतो आणि आजही एका वेळी बघणारे दहाच्या वर गेले तर बायकोला हाक मारून आकडा दाखवतो. जे काही सबस्क्रायबर वाढले ते लाइव्हमधून कापलेल्या चाळीस-पन्नास सेकंदांच्या शॉर्ट्समुळे. तुम्हाला एवढंच हवं असेल तर पुढचं वाचू नका.

पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'घरचे म्हणतात हा दिखावा आहे, आधी कला शीक.' त्या एका वाक्यासाठी मी जेवणानंतर टाइप करत बसलोय.

मी कोल्हापूरचा. दिवसभर एका कार्यालयात बिलं तपासतो आणि उरल्या वेळात जलरंगात निसर्गचित्रं करतो. कोल्हापुरात असं सांगणं म्हणजे तालमीच्या दारात उभं राहून 'मी पण जोर काढतो' म्हणण्यासारखं आहे, गल्लीगणिक एक पोचलेला चित्रकार असतो इथे. लाइव्हच्या आधीच्या दोन वर्षांत माझी पूर्ण झालेली चित्रं किती? अकरा. बाकी कपाटात अर्धवट कागदांची चळत. रविवारी काढू म्हणायचं, रविवारी मटण आणायचं, तांबडा-पांढरा ओरपायचा आणि चार वाजता उठून चहा प्यायचा. झाला रविवार.

लाइव्ह करणार असं मी पाडव्याच्या जेवणात बोलून बसलो. आमचे साडूभाऊ चित्रकलेचे रीतसर पदवीधर, दोन प्रदर्शनं झालेली. ते म्हणाले, "चित्रकार व्हायचंय की मदारी?" पंगत हसली. मग म्हणाले, "आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठावर एकटे बसायचे. त्यांना कोण लाइक करत होतं?" मी श्रीखंडाची वाटी हातात धरून गप्प. उत्तर सुचलं दोन महिन्यांनी, दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला.

अहो, आबालाल दरबारी चित्रकार होते! त्यांची चित्रं बघायला साक्षात शाहू महाराज होते. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा आबालालनी दुःखाने आपली चित्रं कोटितीर्थात सोडून दिली असं इथली जुनी माणसं सांगतात. तलावाकाठी एकटं बसणं निराळं आणि आपण काय केलं ते बघणारं कोणीच नसणं निराळं. एकांताचा दाखला म्हणून साडूंनी नेमका तोच माणूस काढावा, ज्याला एक बघणारा गेल्यावर चित्रं नकोशी झाली?

मला महाराज कुठून मिळणार? मला निपाणीचे गुरुजी मिळाले.

पहिला महिना बघणारे दोन, त्यातला एक माझाच दुसरा मोबाइल. पाचव्या मंगळवारी रंकाळ्यातला संध्यामठ काढत होतो. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, ओल्या कागदावर रंग कसा सोडायचा वगैरे ज्ञान देत होतो. तेवढ्यात कॉमेंट आली, "पाणी बदला." मला वाटलं कोणीतरी टवाळ. परत आली, "पाणी बदला. आकाश गढूळ येतंय." बघितलं तर मग्यातलं पाणी खरंच ओढ्याला पूर आल्यासारखं. बदललं. पुढचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला हात, असा लख्ख बसला की मीच बघत राहिलो. मग तिसरी कॉमेंट: "मघापासून आवाज येत नाही. नाही आला तरी चालेल." पन्नास मिनिटं माइक बंद होता.

हेच ते निपाणीचे गुरुजी, निवृत्त चित्रकला शिक्षक. कौतुक शून्य. पाणी बदला, ब्रश मोठा घ्या, आता हात उचला, एवढंच. पुढच्या मार्चअखेरीला ऑफिसात रात्री दहा वाजले, लाइव्ह राहिलं. बुधवारी सकाळी जुन्या व्हिडिओखाली त्यांचं वाक्य होतं: "काल पाणी आणायला पंचगंगेवर गेला होता काय?" त्यानंतर माझे फक्त दोन मंगळवार चुकले, त्यातला एक वडिलांच्या ऑपरेशनचा. त्या वर्षी अडतीस चित्रं पूर्ण झाली. तीस टाकाऊ, मान्य. पण आधीच्या अकरांत धड एकच होतं.

जलरंग तसाही लाइव्हच असतो. वॉश ओला आहे तोवर उठता येत नाही, वाळला की दुरुस्ती नाही. घरी एकटा असताना मी नेमका तिथेच उठायचो. कोणीतरी बघतंय म्हटलं की बूड खुर्चीला चिकटतं. याला साडू मदारीपणा म्हणतात. आपल्याकडे कीर्तनकार काय दार लावून कीर्तन करतो? साडूंकडे स्वतंत्र स्टुडिओ आहे, उत्तरेचा उजेड आहे आणि २०२२ पासून इझलवर तोच कॅनव्हास आहे. मूड लागत नाही म्हणे.

असो. तुम्ही 'कधी आणि किती वेळ' विचारलंय. वार आणि वेळ ठरवा आणि मोडू नका, सव्वा तास पुष्कळ झाला. कागद चिकटवणं, कच्चं रेखाटन आधी उरकून घ्या, ते कोणी बघत नाही. वॉश ओला असताना चॅट वाचू नका. मागे गाणी लावू नका, कॉपीराइटचं लचांड मागे लागतं. मोबाइलवरून लाइव्ह जायला यूट्यूबवर किमान ५० सबस्क्रायबर लागतात, तेवढे नातेवाईक प्रत्येकाला असतात. पहिल्यांदा लाइव्हची सोय सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून आदल्या दिवशीच बघून ठेवा. ट्यूबलाइटखाली चित्रावर काळे पट्टे सरकताना दिसले तर कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. कॅमेऱ्याच्या शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, पट्टे जातात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. नवं काही शिकायचं असेल तर कॅमेरा बंद ठेवा. लोकांसमोर हात जे येतं तेच करतो. पाण्यातली प्रतिबिंबं लोकांना आवडतात म्हणून मी सहा महिने तलावच काढत होतो, एक झाड धड शिकलो नाही. तेवढ्यापुरतं साडूंचं बरोबर आहे, पण हे त्यांच्यापर्यंत पोचवू नका. आणि पैशाचं म्हणाल तर साडेतीन वर्षांत चार चित्रं विकली गेली, त्यातलं एक मेहुणीने घेतलं. हो, साडूंच्याच बायकोने. त्यांच्या हॉलमध्ये लावलंय.

स्टँडवर पैसे घालू नका. माझा मोबाइल जुन्या टेबललॅम्पच्या वाकत्या दांड्याला रबरबँडने बांधलेला असतो. रबरबँड मात्र महिन्याला बदलत जा. मागच्या पावसाळ्यात ते तुटलं आणि चालू लाइव्हमध्ये मोबाइल थेट मग्यात. रात्री बायकोच्या फोनवरून उघडून बघितलं, तर खाली गुरुजींची एकच कॉमेंट होती: "पाणी स्वच्छ होतं ना?"