‘स्पार्टाकस’ मालिकेत नायकाचा अभिनेता बदलला, तेव्हा चाहत्यांनी नवा चेहरा स्वीकारला का?

हो, स्वीकारला. लगेच नाही, पण शेवटी मनापासून. त्याच वेळी मालिकेत आणखी एक चेहरा बदलला होता आणि तो मात्र बऱ्याच चाहत्यांनी आजतागायत स्वीकारलेला नाही. तुम्ही नायकाबद्दल विचारलंय, पण मला त्या दुसरीबद्दलही लिहायचंय. (पुढे शेवटापर्यंतची गोष्ट उघड होते. मालिका पाहायची असेल तर इथेच थांबा.)

मालिका अमेरिकन, प्राचीन रोमविरुद्ध गुलाम ग्लॅडिएटरांनी (रिंगणात लढवल्या जाणाऱ्या योद्ध्यांनी) केलेल्या बंडाची. स्पार्टाकस हा त्यांचा पुढारी. आधी नायकाचं. पहिला सीझन, ‘ब्लड अँड सँड’, जानेवारी 2010 मध्ये सुरू झाला. नायक झालेल्या अँडी व्हिटफिल्डला तोवर फारसं कुणी ओळखत नव्हतं. सुरुवातीच्या एक-दोन भागांत पडद्यावर उडणारं ते कॉम्प्युटरवरचं रक्त पाहून अनेकांनी मालिका सोडून दिली होती. जे टिकले, ते चौथ्या-पाचव्या भागापर्यंत तिच्यात पुरते अडकले. आणि सीझन अजून संपलेलाही नव्हता, तेव्हा अँडीला नॉन-हॉजकिन लिम्फोमा हा कर्करोग असल्याचं निदान झालं. निर्माते त्याच्यासाठी थांबले. मधल्या काळात सहा भागांची पूर्वकथा काढली. आजार उलटला, तेव्हा दुसऱ्याला घ्यायला अँडीनं स्वतः संमती दिली. 11 सप्टेंबर 2011 ला तो गेला, अवघ्या 39 व्या वर्षी. चारच महिन्यांनी, जानेवारी 2012 मध्ये, ‘व्हेंजन्स’ या पुढच्या सीझनमध्ये लियम मॅकइन्टायर त्याच्या जागी उभा राहिला.

त्या वेळी आम्ही पुण्यात होस्टेलवर होतो. पाच जणी, एक लॅपटॉप. पहिल्या भागात लियमनं तोंड उघडलं आणि खोलीत कुणी काही बोललंच नाही. ‘डोळ्यांत ती आग नाही’, ‘आवाज मवाळ आहे’ असं सगळीकडे बोललं जात होतं, आम्हीही तेच म्हणत होतो. आज वाटतं, तो राग लियमवर नव्हताच. सुतक सुरू होतं. घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं सहन होत नाही, तसलं काहीतरी. लियमनंही अँडीची नक्कल केली नाही. अँडीचा स्पार्टाकस बायकोच्या दुःखानं पेटलेला आहे. लियमचा स्पार्टाकस हजारो तोंडांना उद्या काय खायला घालायचं याचा हिशेब करणारा सेनापती आहे. शेवटच्या सीझनपर्यंत हे लोकांना पटलं होतं. 2013 च्या एप्रिलमध्ये शेवटचा भाग आला. त्यात नावं वर सरकताना सगळ्या जुन्या कलाकारांचे चेहरे येतात आणि सर्वांत शेवटी अँडी, ‘मी स्पार्टाकस आहे’ असं ओरडताना. आमच्यापैकी कुणाचेही डोळे कोरडे नव्हते.

आता नेव्हिया. ती ग्लॅडिएटरांच्या मालकिणीची, लुक्रेशियाची, खास दासी आणि स्पार्टाकसचा साथीदार क्रिक्सस याचं तिच्यावर प्रेम. पहिल्या सीझनमध्ये आणि पूर्वकथेत ही भूमिका लेस्ली-अॅन ब्रँडनं केली, 2012 पासून सिंथिया अदाय-रॉबिन्सननं. म्हणजे दोन बदल एकाच सीझनमध्ये, एकाच दिवशी नाही इतकंच. नायकाला माफी मिळाली. नेव्हियाबद्दल मात्र ‘ही आमची नेव्हिया नाही’, ‘सारखी चिडलेली असते’, ‘हिच्यामुळे क्रिक्सस बिघडला’ हेच ऐकू येत राहिलं. मीही हेच म्हणायचे, आणि त्याचं मला आता वाईट वाटतं.

लॉकडाऊनमध्ये मी चारही सीझन सलग पाहिले. पहिल्या खेपेला मध्ये जवळजवळ दोन वर्षांचं अंतर पडलं होतं, त्यामुळे नेव्हियाला घराबाहेर काढलं तेव्हा काय घडलं होतं ते मी विसरून गेले होते. सलग पाहताना ते अंगावर आलं. प्रेम उघडकीला आल्यावर लुक्रेशिया तिचे केस कापते. मग तिला एका रोमन घरातून दुसऱ्या घरात पाठवत राहतात, आणि प्रत्येक घरात तिच्यावर बलात्कार होतो. शेवटी ती सापडते ती खाणीत. क्रिक्सस हात पुढे करतो आणि ती अंग आक्रसून घेते. आपल्याला ती पहिलीच, लाजून हसणारी नेव्हिया परत हवी होती. पण ती परत येणं शक्यच नव्हतं, आणि सिंथिया नेमकं तेच दाखवत होती. चेहरा बदलल्यामुळे आपण म्हणालो, ‘ही वेगळीच कुणीतरी आहे.’ अहो, तीच तर गोष्ट होती!

तिच्यावरचा मोठा आरोप म्हणजे शेवटच्या सीझनमध्ये ती लोहार अॅटियसला केवळ संशयावरून मारते. आरोप खरा आहे, ती चुकलीच. पण अॅगरॉन या दुसऱ्या बंडखोराचं काय? क्रिक्ससनं प्रेयसीच्या शोधात माणसं नेऊ नयेत म्हणून ‘नेव्हिया मेली’ असं तो धडधडीत खोटं सांगतो. एका बाईला खाणीत सडत ठेवायला तो तयार होता. तरी तो चाहत्यांचा सगळ्यांत लाडका. शेवटी तो आणि त्याचा प्रियकर नासिर जिवंत राहिले म्हणून लोक नाचले. मीही खूश झाले, त्या दोघांचं प्रेम मालिकेनं फार आदरानं दाखवलंय. पण तराजू दोघांना एकच लावायला नको का?

आणि तिचा तो प्रसंग कुणी आठवत नाही. क्रिक्ससचं डोकं उडवणारा रोमन टायबेरियस बंडखोरांच्या हाती लागतो. क्रिक्ससच्या अंत्यविधीचे खेळ चालू आहेत, रिंगणात टायबेरियस तिच्यासमोर आहे, एक घाव आणि संपलं. तेवढ्यात निरोप येतो की त्याला सोडलं तर रोमन पकडलेले 500 बंडखोर परत देतील. नेव्हिया तलवार खाली घेते. ‘सूडानं आंधळी’ म्हणवली जाणारी बाई प्रियकराचा खुनी हातातून जाऊ देते, 500 साथीदारांसाठी. (अंत्यविधीचे खेळ लेखकांच्या मनचे नाहीत. पडलेल्या सरदारांच्या चितेपाशी कैद्यांना झुंजवल्याचं फ्लोरस हा इतिहासकार सांगतो, आणि क्रिक्सससाठी 300 रोमन कैद्यांचा बळी दिल्याचं अॅपियन या इतिहासकारानं लिहून ठेवलंय.)

इतिहासाचं निघालंच आहे तर हेही सांगते. हे बंड इसवी सनापूर्वी 73 ते 71 मधलं. प्लुटार्क हा प्राचीन ग्रीक चरित्रकार सांगतो की स्पार्टाकसची बायको त्याच्याच जमातीची होती, दैवी दृष्टांत सांगायची, आणि कापुआ या इटलीतल्या शहरातून ती त्याच्याबरोबर निसटली. मालिकेनं तिला, म्हणजे सुराला, पहिल्याच सीझनमध्ये मारून टाकलं. प्लुटार्कच्याच वृत्तांतात रोमन सेनापती क्रॅससचे सैनिक गुपचूप एक टेकडी धरायला जातात आणि त्यांना पाहतात त्या बंडखोरांच्या दोन बायका, तिथे देवाला बळी द्यायला आलेल्या. म्हणजे त्या छावणीत बायका होत्या, आणि त्यांच्यातल्या एकीचंही नाव कुणी लिहून ठेवलं नाही. नेव्हिया काल्पनिक आहे, पण तिच्यामुळे त्या बायकांना मालिकेत एक चेहरा मिळाला. म्हणून तिला नुसतं ‘चिडकी’ म्हणून सोडून दिलेलं मला खपत नाही.

डिसेंबर 2025 मध्ये याच मालिकेतून निघालेली नवी मालिका सुरू झाली, ‘हाउस ऑफ अॅशर’. कल्पना अशी की मूळ मालिकेतला कपटी अॅशर व्हेसुव्हियस डोंगरावर मेलाच नाही, उलट रोमनांना मदत केल्याबद्दल लुक्रेशियाच्या नवऱ्याचं, बटायटसचं, घर त्याला बक्षीस मिळालं. अॅशर साकारणारा निक टाराबे अप्रतिम नट आहे, त्यामुळे बरेच जुने चाहते खूश आहेत. मला ते जड गेलं. कारण मूळ गोष्टीत अॅशरला मारते ती नेव्हिया. तिच्यावर अत्याचार करणाऱ्यांतला तो एक. तो निरोप्या म्हणून डोंगरावर येतो आणि ती त्याला एकटीनं आव्हान देते. नुकतीच तलवार शिकलेली, त्यामुळे मान एका घावात तुटत नाही. ती पुन्हा मारते, पुन्हा मारते. बाजूला क्रिक्सस उभा आहे आणि मध्ये पडत नाही.

तुम्ही पुन्हा पाहणार असाल तर एक करा. पहिल्या सीझनचे शेवटचे दोन भाग आणि ‘व्हेंजन्स’चे पहिले चार भाग एकाच शनिवार-रविवारी बघा, मध्ये पूर्वकथा घालू नका. आणि तेवढे भाग लियमकडे कमी, सिंथियाकडे जास्त लक्ष द्या.