फिशफाइंडर घ्यावा का? कृष्णाकाठच्या वाचकांचे प्रश्न

(मी कराडला इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि लहानपणापासून प्रीतिसंगमाच्या खालच्या अंगाला गळ टाकत आलोय. त्यामुळे मासेमारीच्या यंत्रांबद्दलची पत्रं संपादक माझ्याकडं पाठवतात. या वेळची ही काही.)

काका, मी वाईचा. सुट्टीच्या दिवशी धोम धरणाच्या फुगवट्यावर काठी घेऊन जातो. होडी नाही, काठावरूनच गळ टाकतो. मोबाइलला जोडायचा आणि पाण्यात फेकायचा, चेंडूसारखा फिशफाइंडर ऑनलाइन बघितला. विकणारा म्हणतो, मासा कुठं आहे ते नेमकं दाखवतो. घेऊ का?

ऐपत असेल तर घ्या. पण मासा दाखवतो म्हणून घेऊ नका, तळ दाखवतो म्हणून घ्या.

आत काय चालतं ते आधी सांगतो. चेंडूच्या पोटात सिरॅमिकची एक चकती असते. तिला विजेचा झटका दिला की ती थरथरते आणि आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज खाली सोडते. आवाज तळाला आपटून परत येतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1480 मीटर जातो, म्हणजे सहा मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी यायला एका सेकंदाचा सव्वाशेवा हिस्सा लागतो. यंत्र तेवढा वेळ मोजतं आणि त्यावरून खोली काढतं. 1948 साली जपानमध्ये फुरुनो बंधूंनी मासेमारी बोटींसाठी पहिलं फिशफाइंडर बाजारात आणलं. तेव्हाचं तत्त्व आजही तेच आहे.

हा आवाज अंधाऱ्या गोदामात मारलेल्या टॉर्चच्या झोतासारखा पसरत खाली जातो. झोत किती रुंद, हे घेताना जरूर विचारा. 15 अंशांचा झोत असेल तर सहा मीटर खोलीवर जेमतेम दीड मीटर रुंदीचं वर्तुळ दिसतं. 55 अंशांचा असेल तर तेच वर्तुळ सहा मीटरच्या पुढं जातं, पण त्यात बारकावे पुसट होतात. दोन्ही झोत बदलता येतील असा घ्या. रुंद झोतानं जागा शोधायची, अरुंद झोतानं ती तपासायची.

आता धोमचं. धरणाच्या पोटात कृष्णेचं जुनं पात्र तसंच बुडालेलं आहे. ओढे, शेतांच्या ताली, बांध, सगळं पाण्याखाली आहे. मासा सपाट माळावर रेंगाळत नाही, तो अशा कडेला धरून फिरतो. चेंडू लांब फेका आणि रीळ अगदी सावकाश गुंडाळत आणा. तीन मीटर, तीन मीटर, सव्वातीन, आणि एकदम पाच, असं झालं की थांबा. ती एखाद्या ओढ्याची नाहीतर जुन्या पात्राची कड असते. रिळाच्या क्लिपमध्ये दोरी तिथंच अडकवा, समोरच्या डोंगरावरची एखादी खूण धरा, आणि मग आमिषाची काठी त्याच अंतरावर टाका. तळाची रेघ जाड आणि ठसठशीत असेल तर खाली खडक किंवा मुरूम, पातळ आणि फिकट असेल तर गाळ. खडक कडक असला तर खोलीच्या बरोबर दुप्पट अंतरावर तळाची दुसरी रेघ उमटते. ती खरी नसते, आवाज दोनदा जाऊन आल्यामुळं येते. पण खाली टणक आहे ही खबर खात्रीची.

चेंडूचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असतं. चिलापीच्या नाजूक काठीनं तो फेकू नका, काठी मोडेल नाहीतर तंगूस तुटून चेंडू जाईल. जाड विणलेली दोरी लावा. आणि चेंडू पाण्याखाली ओढला गेला की मोबाइलशी जोडणी तुटते, कारण वायफायच्या लहरी पाण्यातून जात नाहीत. ते यंत्र बिघडल्याचं लक्षण नाही.

मी भिलवडीचा. माझ्या फिशफाइंडरवर माशांची चित्रं नुसती भरभरून येतात, पण गळाला काही लागत नाही. यंत्र खोटं दाखवतं का?

सेटिंगमध्ये जाऊन माशांची ती चित्रं आधी बंद करा. पाण्यात मधेच लटकलेलं काहीही दिसलं की यंत्र तिथं मासा काढून मोकळं होतं. बुडालेली फांदी, पानांचा झुबका, गाळातून वर येणारे बुडबुडे, सगळ्यांना मासाच. कृष्णेत उसाचं पाचट आणि जलपर्णीचे तुकडे किती वाहत असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

चित्रं बंद केली की कच्चा प्रतिध्वनी दिसेल. तो वाचायला शिका. मासा झोताच्या कडेतून आत येतो तेव्हा यंत्रापासून थोडा लांब असतो, बरोबर खाली आला की जवळ, आणि बाहेर पडताना पुन्हा लांब. म्हणून त्याची कमान उमटते. अर्धीच कमान असेल तर मासा झोताच्या कडेवरून गेला. यंत्र स्थिर आणि मासाही जागेवर असला तर कमान होतच नाही, लांब आडवी रेघ होते. कमान मोठी म्हणजे मासा मोठा, असं मुळीच नाही. झोतात जास्त वेळ रेंगाळलेला छोटा मासाही लांब कमान काढतो. मी बघतो ती कमानीची जाडी, लांबी नव्हे. आवाज मुख्यतः परततो तो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून, आणि मोठ्या माशाची पिशवी मोठी.

आणखी एक. पडद्याची फक्त उजवी कड ही आत्ताची गोष्ट असते. बाकी सगळं होऊन गेलेलं. डावीकडं दिसणाऱ्या माशावर गळ टाकणारे लोक मी रोज बघतो. तो मासा केव्हाच पुढं गेलेला असतो.

आता कमान किती खोलीवर आहे ते बघा. कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. पाच मीटर पाण्यात दीड मीटरवर कमानी येत असतील आणि तुमचा पेंडीचा गोळा तळाला पडून असेल, तर गळ रिकामा येणार. बूच खाली गळाकडं सरकवून आमिष त्या खोलीला आणा, मग बघा.

तळाला चिकटलेले मासे मात्र यंत्राला दिसतच नाहीत. वाम दगडाच्या कपारीत असते, शिंगाळा तळावर पडून असतो, आणि त्यांचा प्रतिध्वनी तळाच्या रेघेत मिसळून जातो. उतारावर तर तळालगतचा बराच पट्टा असा आंधळा असतो. म्हणजे पडदा रिकामा असला तरी खाली वाम असू शकते.

मरळीसाठी यंत्र घेऊच नका. ती काठालगतच्या गवतात असते आणि हवा घ्यायला वर येते, डोळ्यांनी दिसते. पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा दिसला तर खाली नर-मादी राखण करत असतात. तिथं गळ टाकू नका, हे माझं हात जोडून सांगणं आहे. आईबाप गेले की तो थवा इतर माशांच्या पोटात जातो.

काका, मी हरिपूरची, बारावीला आहे. आम्ही भोई. आजोबा अजून काहिलीतून, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईची होडी करून, जाळं टाकतात. दोरीला दगड बांधून डोह मोजतात आणि कुठं काय आहे ते त्यांना पाठ आहे. मी शिष्यवृत्तीच्या पैशातून त्यांना यंत्र घेऊन द्यायचं म्हणतेय. उपयोग होईल, की त्यांना वाईट वाटेल?

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. वाईट वाटायचं काही कारण नाही, फक्त यंत्र त्यांच्या हातात द्यायच्या आधी त्यांच्या शेजारी बसून त्यांची दोरी बघ. ते खाली सोडलेला दगड टेकला की जरासा उचलून पुन्हा आपटतात की नाही? टक् असा हाताला बसला तर खडक, भसकन रुतला तर गाळ. पडद्यावरची जाड आणि पातळ रेघ हीच गोष्ट सांगते. आजोबांना ती समजायला अर्धा दिवस पुरेल, मला याची खात्री आहे.

यंत्राचा खरा उपयोग इथं आहे की पूर येऊन गेला की डोह बदलतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तेवढं पाणी गाळ एकीकडून उचलून दुसरीकडं टाकतं, झाडं आणून रुतवतं. अशा झाडात जाळं अडकलं तर फाटतं, आणि जाळ्याची किंमत तू माझ्यापेक्षा चांगली जाणतेस. दोरीनं एक एक जागा मोजत बसण्यापेक्षा काहिलीतून आडवं-उभं फिरलं की एका सकाळी संगमाखालचा सगळा पट्टा कळेल.

काहील लोखंडी आणि गोल, त्यामुळं सेन्सर, म्हणजे यंत्राचा आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग, तिच्या तळाला आतून चिकटवू नको. बांबूचा दांडका काठावर आडवा बांध, त्याच्या टोकाला उभी काठी, आणि सेन्सर पाण्यात वीतभर खाली राहील असा पक्का बसव. त्याचं तोंड सरळ खाली हवं. तिरपं झालं तर खोली जास्त दाखवेल. पहिल्यांदा आजोबांच्या दोरीनं मोजून यंत्राचा आकडा ताडून बघ.

आणि एक वही कर. आजोबा ज्या नावानं जागा ओळखतात ती नावं लिही, शेजारी खोली, तळ कसला आणि तारीख. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले होते की काढलेले, हेही लिही. बरगे काढले की पाणी उतरतं आणि तुझे आकडे सगळे चुकतात. नदीवरची कुठलीतरी पक्की खूण, घाटाची पायरी म्हण, धरून पाणी किती आहे ते नोंदव. ही वही यंत्राहून मोलाची होईल, कारण ती नावं दुसरीकडं कुठंच लिहिलेली नाहीत.

एक दिवस असा येईल की यंत्रावर काहीच नाही आणि मासे मात्र पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतायत. यंत्राला अगदी वरचा थर दिसत नाही. अशा वेळी पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो. उन्हाळ्यात, पहाटे, आणि वरून घाण पाणी सुटलं की असं होतं. ते मासे हातानं गोळा करता येतात, पण ते विकू नका, खाऊही नका. मत्स्यव्यवसाय खात्याला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लगेच कळवा, वेळ आणि जागा सांगून, मोबाइलवर फोटो काढून.

आमच्या वाळवा तालुक्यात काही पोरं बॅटरी आणि इन्व्हर्टर घेऊन पाण्यात करंट सोडतात. पाच मिनिटांत बादली भरते. हेही इलेक्ट्रॉनिक्सच ना? सर, तुमच्या दुकानात असा सेट बनवून मिळेल का?

नाही मिळणार. माझ्या दुकानात नाही, आणि कुणी बनवून दिला तर हातात धरू नका.

फिशफाइंडर आवाज सोडतो आणि ऐकतो, माशाला धक्काही लागत नाही. तुमचा इन्व्हर्टर 230 व्होल्टचा एसी करंट पाण्यात सोडतो. त्यानं माशाचे स्नायू इतक्या जोरात आखडतात की पाठीचा कणा मोडतो, आत रक्तस्राव होतो. वर तरंगतात ते तुम्ही उचलता, पण मोडलेल्या कण्यानं खाली बुडतात ते दिसत नाहीत. मासा जितका लांब तितका त्याच्या डोक्या-शेपटीमधला व्होल्टेजचा फरक जास्त, म्हणजे अंडी घालणाऱ्या मोठ्या माद्यांना सगळ्यात मोठा झटका. पुढच्या वर्षीचा मासा तुम्ही आजच मारता.

आणि माणसाचं काय? गुडघाभर पाण्यात, ओल्या अंगानं, हातात उघडी तार. पाय घसरला तर तो करंट तुमच्या छातीतून जाणार आहे. मित्र वाचवायला पाण्यात उतरला तर तोही जाणार. सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यावर 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे. करंट लावणारा त्याच रांगेत उभा आहे असं मी मानतो. तुमच्या गावच्या मच्छीमार संस्थेला सांगा, ठेका त्यांचा असेल तर नुकसानही त्यांचंच आहे.

यंत्राला कुठली बॅटरी लावू?

पाच इंची पडद्याच्या साध्या यंत्राला यूपीएसमध्ये असते ती 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी सकाळपासून दुपारपर्यंत सहज पुरते. यंत्रासोबत सांगितलेला फ्यूज लावल्याशिवाय जोडू नका. चेंडूसारखं यंत्र पाण्याबाहेर काढलं की कोरडं पुसा. बऱ्याच चेंडूंत पाणी लागलं की चालू होणारे संपर्क असतात. ओला पिशवीत टाकला तर तो आतच चालू राहून बॅटरी संपवतो.

कोयनेच्या शिवसागरात यंत्र घेऊन गेलो तर मोठा मासा मिळेल का? आणि पहिल्या पावसात चढणीचे मासे शोधायला यंत्र चालेल का?

शिवसागराचा मोठा भाग कोयना अभयारण्यात येतो, आणि कोयना-चांदोली मिळून 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिथं गळ टाकायचा नाही. इतर धरणांवरही ठेका बहुतेक मच्छीमार संस्थेचा असतो. आधी त्यांच्याकडं जाऊन परवाना विचारा, बहुतेक ठिकाणी सरळ बोललं तर सरळ उत्तर मिळतं.

चढणीच्या माशांना यंत्र लागतच नाही. मृगाच्या पावसात ओढ्यातून वर चढणारा मासा काठीनं मारता येतो इतका उघडा असतो, आणि त्याचं पोट गाभोळीनं भरलेलं असतं. त्याला जाऊ द्या. तसंही तेव्हा पाण्यात माती आणि बुडबुडे इतके असतात की पडदा ठिपक्यांनी भरून जातो. त्या दिवसांत यंत्र घरीच ठेवा. चेंडूतली लिथियमची बॅटरी निम्मी भरून ठेवा, यूपीएसची मात्र पूर्ण भरून, आणि ती महिन्यातून एकदा चार्ज करा. सेन्सरच्या तोंडावरचं शेवाळ मऊ कापडानं आणि साबणाच्या पाण्यानं काढा, ब्लेडनं खरवडू नका. बंधाऱ्याला बरगे घातले आणि पाणी संथ आणि नितळ झालं की मग यंत्र काढा बाहेर.