अमेरिकेत १८ वर्षांची झाली की मुलांना खरंच घराबाहेर काढतात का? तिथे कुटुंब असं काही असतं का?

तुम्ही लिहिलंय की पुतण्या ओहायोत असतो, तिथल्याच मुलीशी लग्न ठरवतोय आणि घरच्यांनी धसका घेतलाय. तिकडे मुलांना अठराव्या वर्षी बाहेर काढतात, म्हाताऱ्यांना वृद्धाश्रमात टाकतात, मग त्या मुलीला नातीगोती कळणार तरी कशी?

मीही ओहायोतच, क्लीव्हलँड शहराच्या पूर्वेकडच्या भागात राहते. फिजिओथेरपिस्ट आहे आणि पेशंटच्या घरी जाऊन उपचार करते, त्यामुळे लोकांची स्वयंपाकघरं, जिने आणि बाथरूमा भरपूर पाहिल्यात. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला आम्ही पहिल्याच दिवशी विचारतो, "रात्री उठावं लागलं तर हाताशी कोण असतं?" त्या उत्तरात बहुतेक घर कळतं. कुणी म्हणतं नात, कुणी शेजारीण, कुणी नुसतंच गळ्यातल्या अलार्मच्या बटणाकडे बोट दाखवतं.

अठराव्या वर्षाचं अर्धंच खरं आहे. कायद्याने मूल सज्ञान होतं, ज्यांना परवडतं त्यांची मुलं कॉलेजच्या हॉस्टेलला जातात, आणि परत आलं तर आईवडील कधी कधी भाडंही मागतात. पण जुलै २०२० मध्ये, कोविडच्या काळात, १८ ते २९ वयाच्या ५२ टक्के लोकांचा मुक्काम आईवडिलांच्या घरीच होता. १९४० मध्ये, मंदी सरता सरता, हाच आकडा ४८ टक्के होता. सगळ्यात कमी होता तो १९६० मध्ये, २९ टक्के. आपल्या डोक्यात जे अमेरिकन घर बसलंय, आई, बाबा, दोन मुलं, पुढे हिरवळ आणि गाडी, ते नेमकं त्या सुमाराचं. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्यांना सरकारने शिक्षणाला आणि घराला मदत केली, एका पगारात घराचा हप्ता फिटत होता, मुली सरासरी विसाव्या वर्षी लग्न करत होत्या. शिवाय त्या नव्या वसाहतींपैकी कितीतरी ठिकाणी काळ्या माणसाला घर विकतच नसत. म्हणजे तेव्हासुद्धा ते चित्र सगळ्या अमेरिकेचं नव्हतंच, आणि त्याआधीचं तर मुळीच नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ६५ च्या पुढची बहुतेक माणसं मुलांसोबत राहत होती. पुढे मुलं शेती सोडून पगाराच्या नोकरीवर गेली, १९३५ मध्ये सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे म्हातारपणी सरकारी पेन्शन देणारा, कायदा झाला, आणि म्हाताऱ्यांना वेगळं राहणं परवडू लागलं. परवडल्यावर बऱ्याच जणांनी ते आनंदाने निवडलं, हेही सांगायला हवं. "सुनेच्या राज्यात कशाला जाऊ?" हे वाक्य मी इंग्रजीत कितीदा ऐकलंय.

वृद्धाश्रमाचं म्हणाल तर इथल्या नर्सिंग होममध्ये (इथे याचा अर्थ दवाखाना नाही, सतत देखभाल लागणाऱ्यांची राहायची जागा) साधारण १२-१३ लाख माणसं आहेत, आणि देशात पासष्टीच्या पुढचे साडेपाच कोटींहून जास्त. टाकून दिलेल्या म्हाताऱ्यांपेक्षा एकटे राहणारे म्हातारे कितीतरी अधिक. माझ्या मते इथलं खरं दुखणं ते आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे उत्तर लिहायला घेतलं ती. क्लीव्हलँडला लागून ईस्ट क्लीव्हलँड नावाचं छोटं शहर आहे. तिथे आयनेझ मूर नावाची एक काळी आजी राहायची. घरात तिचा मुलगा, त्याचा मुलगा आणि दुसऱ्या मुलाचा मुलगा जॉन. जॉनची आई वारली म्हणून तो आजीकडे आलेला. आपल्याकडे यात सांगण्यासारखं काहीच नाही. पण त्या शहराचा नियम होता की एका घरात एकच 'कुटुंब' राहील, आणि कुटुंब कशाला म्हणायचं तेही नियमातच लिहिलेलं. एका मुलाची पोरं आजीकडे राहिली तर चालेल, दोन वेगवेगळ्या मुलांची नाही. जॉन आणि त्याचा चुलत भाऊ एका छपराखाली म्हणजे गुन्हा. १९७३ मध्ये शहराने आजीला नोटीस पाठवली. तिने नातवाला बाहेर काढलं नाही, तेव्हा खटला भरून पाच दिवस कैद आणि २५ डॉलर दंड अशी शिक्षा सुनावली.

तुम्ही म्हणाल हा वर्णद्वेष. तसं सरळ नाही ते. तोवर त्या शहरात काळ्यांचीच वस्ती जास्त झाली होती आणि शहराचा कारभारही त्यांच्याच हातात होता. गर्दी होऊ नये, शाळांवर ताण पडू नये, असं कारण शहराने कोर्टात दिलं. थोडे बरे दिवस आलेल्या लोकांना आपली आळी 'नीटनेटकी' हवी होती असं मला वाटतं. सोसायटीच्या मीटिंगा पाहिलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

आजी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९७७ मध्ये पाच विरुद्ध चार अशी जिंकली. न्यायमूर्ती पॉवेल यांच्या म्हणण्याचा आशय असा, की आजी-आजोबा, काका, मावश्या, चुलत भावंडं एकत्र राहण्याची परंपरा या देशात आईबाप-मुलांच्या घराइतकीच जुनी आहे. चार न्यायमूर्ती मात्र तिच्या विरोधात गेले. एकाने जरी बाजू बदलली असती तर नातवाला सांभाळल्याबद्दलची ती शिक्षा कायम राहिली असती.

काळ्या घरांत आजीला इतकं महत्त्व का, याची मुळं खोल आहेत. गुलामगिरीत त्यांच्या लग्नांना कायद्याचा आधार नव्हता, मालक नवराबायकोला आणि मुलांना वेगवेगळं विकू शकत होता. ती संपल्यावर ताटातूट झालेल्या माणसांनी आई, भाऊ, मुलं शोधायला वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. पुढे दक्षिणेतून लाखो लोक क्लीव्हलँड, शिकागोसारख्या शहरांत कामाला आले, तेव्हा पोरं कधी गावी आजीकडे राहायची, कधी आजीच शहरात यायची. आजही उन्हाळ्यात इथल्या बागांमध्ये एकाच रंगाचे टीशर्ट घातलेली पन्नास-साठ माणसं दिसतात. पाठीवर आडनाव छापलेलं असतं. ते त्यांचं कौटुंबिक संमेलन.

गाडीने पूर्वेला गेलात की जीऑगा काउंटीत आमिश लोकांची, म्हणजे जुन्या पद्धतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची, वस्ती लागते. घोडागाडी, घरात वीज नाही. मुलाचा संसार वाढला की म्हातारा-म्हातारी त्याच आवारातल्या छोट्या घरात जातात, त्याला 'डॉडी हाउस' म्हणतात. चूल वेगळी, अंगण एक. स्वतःचा धंदा असलेल्या आमिशांना सोशल सिक्युरिटीतून सूट आहे, कारण म्हातारपण सांभाळणं हे आपलं आणि आपल्या चर्चचं काम असं ते मानतात. शेतीवर मात्र आता थोडीच घरं उरलीत. पुरुष सुतारकामाला आणि कारखान्यात जातात, बाप दिवसभर घराबाहेर असतो, आणि याची काळजी त्यांनाही वाटते.

क्लीव्हलँडच्या पश्चिमेला लोरेन गावात पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरची माणसं आहेत, १९४० च्या दशकाच्या अखेरीस पोलादाच्या कारखान्यासाठी आणलेली. तिथे नातू घरात शिरला की आजीला म्हणतो, "बेंदिसियोन", म्हणजे आशीर्वाद दे. आजी "देव तुझं भलं करो" म्हणते आणि मगच पुढचं बोलणं. आपल्या वाकून नमस्काराची पहिल्यांदा आठवण झाली ती तिथे.

एकूण देशात १९७१ मध्ये ७ टक्के लोक अनेक पिढ्यांच्या घरात राहत होते, २०२१ मध्ये १८ टक्के. काळे आणि लॅटिनो (मूळचे लॅटिन अमेरिकेकडचे) यांच्यात २६ टक्के, आशियाईंमध्ये २४, गोऱ्यांमध्ये १३. यात प्रेमाइतकाच घरभाड्याचा आणि पाळणाघराच्या फीचा हात आहे.

आणि आपली मराठी घरं? कागदावर चौकोनी. बाळंतपणाला आई येते, सहा महिन्यांच्या मुक्कामावर, आणि ते संपलं की सासूबाई. हौस असतेच, पण केंद्राच्या कायद्यात नोकरदार बाईला १२ आठवड्यांची रजा, तीही बिनपगारी आणि सगळ्यांना नाही, म्हणून गरजही असते. आजीला गाडी येत नाही, बर्फात पायी फिरता येत नाही, दिवसभर ती बाळ आणि टीव्ही. पेशंट म्हणून भेटलेल्या एकट्या गोऱ्या आज्यांपेक्षा मला कधी कधी हीच जास्त एकटी वाटते.

तेव्हा पुतण्याला 'अमेरिकन मुलगी' एवढंच विचारून काही कळणार नाही. तिचे आजी-आजोबा कुठे राहतात, आजारपणात कोण धावतं, सणाला जेवायला कोण कोण असतं, ते विचारा. एक गोष्ट मात्र आधीच बोलून घ्या. वहिनी बाळंतपणाला येऊन सहा महिने राहतील हे गृहीत धरू नका. किती दिवस, कुठली खोली, स्वयंपाक कुणाचा, हे सरळ विचारायची तिकडे पद्धत आहे. आधी विचारल्याचा राग क्वचितच येतो. न विचारता बॅगा भरून आलात तर मात्र येतो.