४१२ एक्सरे काढले, तरी प्रात्यक्षिकात नापास कशी?

प्रश्न: माझी मुलगी रेडिओग्राफीच्या पदवीला दुसऱ्या वर्षाला आहे. लेखीत ७१ टक्के पडले, प्रात्यक्षिकात नापास. वर्षभर ती कॉलेजच्या रुग्णालयात रोज ड्यूटी करते. लॉगबुकात ४१२ एक्सरेंची नोंद आहे, सगळ्यांवर सह्या आहेत. परीक्षेत प्रत्येक टेबलावर पाच मिनिटं, घंटा वाजली की पुढचं टेबल, असं होतं. शेरा एवढाच: ‘थेट देखरेखीची गरज.’ बाहेरच्या परीक्षकांनी मुद्दाम मार्क कापले असं तिच्या मैत्रिणी म्हणतात. रीचेकिंगला टाकावं, की हे सोडून सीटी-एमआरआयचा छोटा कोर्स लावून द्यावा? लॉगबुकाच्या पानांचे फोटो जोडतोय.
(एक पालक, जालना जिल्हा)

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

रीचेकिंगचं आधी सांगतो. लेखी पेपर पुन्हा तपासता येतो, कारण उत्तरपत्रिका शिल्लक असते. प्रात्यक्षिकात मुलीनं पाच मिनिटांत जे केलं ते परीक्षकांनी पाहिलं आणि टिकमार्क केले. मागे राहतो तो फक्त तो तक्ता. म्हणून अर्ज भरण्याआधी विभागप्रमुखांना भेटा आणि कुठल्या टेबलावर किती मार्क गेले एवढं विचारा. बेरीज चुकली असेल तर तिथंच कळेल. चुकली नसेल तरी तो तक्ता तुमच्या लेकीच्या फार उपयोगाचा आहे.

आता लॉगबुक. तुम्ही पाठवलेली पानं मोजली. ४१२ पैकी २६३ छातीचे पीए (किरण पाठीकडून पुढे). हात-पाय, मनगट, घोटा मिळून ९८. मणक्याचे ३१, पोटाचे १४. कमरेच्या सांध्याचे ४ आणि कवटीचे २. वॉर्डात जाऊन पोर्टेबल मशीनवर काढलेला एकही नाही. शेवटच्या सहा पानांवरच्या सह्या एकाच पेनानं, एकाच दिवशी झालेल्या दिसतात. मुलीनं खोटं लिहिलं असं मी अजिबात म्हणत नाही. कामाच्या गर्दीत सह्या साचतात आणि परीक्षा जवळ आली की एकदम होतात. पण अशा सहीतून एकच कळतं, की ती त्या दिवशी हजर होती. तिला ते काम किती जमलं, हे त्या सहीत कुठेच नाही.

वैद्यकीय शिक्षणात १९९० साली जॉर्ज मिलर यांनी मांडलेली एक उतरंड आजही वापरली जाते. तळाला ‘माहीत आहे’, त्यावर ‘कसं करायचं ते माहीत आहे’, त्यावर ‘करून दाखवतो’ आणि सर्वांत वर ‘रोजच्या कामात करतो’. लेखी पेपर खालच्या दोन पायऱ्या तपासतो. तिथं ७१ टक्के म्हणजे पाया चांगला आहे. घंटेवर टेबल बदलण्याची पद्धत तिसऱ्या पायरीसाठी आहे. स्कॉटलंडमधल्या डंडीत रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी ती १९७५ मध्ये मांडली. कारण हेच होतं, की एका परीक्षकाच्या मर्जीवर, एकाच रुग्णावर निकाल ठरू नये. प्रत्येक टेबलावर परीक्षक वेगळा असतो आणि हातात आधी ठरवलेली यादी असते. आठ-दहा टेबलांवर मिळून नापास झालेल्या मुलीवर कुणी एकानं डाव धरला, असं होणं अवघड असतं.

या टेबलांवर नेमकं काय पाहतात, ते एका उदाहरणानं सांगतो. समोर एक बाई बसल्यात, डावं मनगट उजव्या हातानं सांभाळून धरलंय. चिठ्ठीवर ‘उजवं मनगट, एपी आणि लॅटरल’, म्हणजे समोरून आणि बाजूनं. बरीच मुलं चिठ्ठी वाचतात, ‘तुम्हीच सुनीताबाई ना?’ विचारतात, बाई मान हलवतात आणि उजवा हात प्लेटवर येतो. इथं दोन चुका झाल्या. एक, नाव आपण सांगायचं नाही, रुग्णाकडून वदवून घ्यायचं. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा, वय सांगा’ म्हणायचं आणि केसपेपरच्या नंबराशी ताडून पाहायचं. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. दुसरी चूक मोठी. दुखतंय डावं आणि चिठ्ठीवर उजवं, तर तिथंच थांबायचं आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं. स्वतःच्या मनानं डावा काढायचा नाही आणि चिठ्ठीत आहे म्हणून उजवाही नाही. या टेबलावर बटण दाबलंच नाही तरी पूर्ण मार्क मिळू शकतात, आणि सुंदर फिल्म काढूनही शून्य.

म्हणून २६३ छातीचे एक्सरे काढूनही माणूस अडतो. रोज ओपीडीत उभं राहू शकणारा, सांगितल्यावर श्वास धरणारा रुग्ण येतो आणि कन्सोलवर ‘चेस्ट पीए, ॲडल्ट’ हे बटण तयार असतं. हे २६३ अनुभव नव्हेत. एकच अनुभव २६३ वेळा झालाय. परीक्षक त्या ठरावीक चौकटीच्या बाहेरचं विचारतात. एमएएस म्हणजे किरणांचं प्रमाण ठरवणारा आकडा. ‘पोर्टेबलला १०० सेंटिमीटरवर ५ एमएएस लागतो. खाटेमुळे ट्यूब १४० वर न्यावी लागली, तर किती?’ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवायचं: ५ गुणिले १.९६, म्हणजे ९.८, म्हणून १० लावायचा. हे सूत्र तिनं पेपरात नक्की लिहिलं असेल. मशीनपाशी उभं राहून ते आठवणं वेगळं.

कमरेच्या सांध्याच्या तर चारच नोंदी आहेत, म्हणून हे टेबल तिला जड गेलं असणार. पडलेल्या आजी स्ट्रेचरवर, पाय आखूड दिसतोय आणि बाहेर वळलाय. पुस्तकात एपीसाठी पाय १५ ते २० अंश आत वळवा असं असतं. इथं वळवायचा नाही. मांडीच्या हाडाची मान मोडल्याचा संशय असताना पाय फिरवला तर तुकडे आणखी सरकतात. लॅटरलसाठीही पाय दुमडून बाहेर टाकायचा नाही. दुसरा पाय उचलून आडव्या बीमनं घ्यायचा. पुस्तकातलं वाक्य कधी लागू होत नाही, हे ओळखणं याचेच इथे मार्क असतात.

एका जागी मात्र मी कॉलेजला दोष देईन. डिजिटल मशीननं विद्यार्थ्यांच्या चुका झाकल्या जातात आणि बहुतेक ठिकाणी त्या कुणी उघड करून दाखवत नाही. फिल्मच्या काळात एक्सपोजर जास्त झालं की फिल्म काळी, कमी झालं की पांढरट. चूक हातात दिसायची. आता संगणक उजळपणा आपोआप जुळवतो. कमी पडलं तर चित्र खरखरीत दिसतं, जास्त झालं तर उलट छान स्वच्छ. मग मुलं नकळत जास्तीच्या बाजूला झुकतात, आणि रुग्णाला किरणांची दुप्पट मात्रा गेली तरी स्क्रीनवर सगळं गोड दिसतं. चित्रासोबत एक आकडा येतो, डेव्हिएशन इंडेक्स. तो शून्याजवळ असावा. +३ म्हणजे ठरवलेल्याच्या साधारण दुप्पट, −३ म्हणजे निम्मं. तिच्या लॉगबुकात हा आकडा एकाही ओळीत नाही. तशीच सवय कॉलिमेशनची, म्हणजे बीम हव्या तेवढ्याच भागापुरता आवळण्याची. बीम मोठा उघडा ठेवायचा आणि नंतर स्क्रीनवर कडा कापून चित्र नेटकं करायचं. कापलेला भाग डॉक्टरांना दिसत नाही, रुग्णाच्या अंगात मात्र गेलेला असतो. उजव्या-डाव्याचा मार्करही असाच. तो एक्सपोजरच्या आधी प्लेटवर ठेवायचा असतो, नंतर माउसनं चिकटवायचा नसतो. गर्दीच्या विभागात या तिन्ही गोष्टी सर्रास चालतात आणि विद्यार्थी तेच पाहून शिकतात. परीक्षेच्या दिवशी त्याच सवयींचे मार्क जातात. वर्षभर कुणी शेजारी उभं राहून सांगितलं असतं, तर ‘थेट देखरेखीची गरज’ हा शेरा ऑगस्टमध्येच मिळाला असता. तेव्हा तो उपयोगाचा होता.

कोर्स सोडू नका. छोट्या सीटी-एमआरआय कोर्सनं ही उणीव भरत नाही, ती फक्त महागड्या मशीनवर जाते. सीटीत रुग्ण गॅन्ट्रीच्या (मशीनच्या गोल कड्याच्या) मध्यापेक्षा वर-खाली झोपवला गेला, तर मात्रा आपोआप जुळवणारी यंत्रणाच चुकीचा अंदाज घेते. एमआरआयत पेसमेकर, शस्त्रक्रियेत बसवलेली क्लिप, डोळ्यात गेलेला धातूचा कण हे विचारून घेणं म्हणजे तीच मनगटाच्या टेबलावरची शिस्त, फक्त तिथं चुकीची किंमत जिवाची. शिवाय चांगली रुग्णालयं नोकरीसाठी पदवी पाहतात आणि मग मशीनपाशी उभं करून काम करून घेतात.

पुरवणी परीक्षेपर्यंत काय करायचं? विभागप्रमुखांकडे एकच मागणी ठेवा. आठवड्यातून एकदा, एका रुग्णावर, शिक्षकांनी हात न लावता शेजारी उभं राहून सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावं आणि लगेच पाच मिनिटं बोलावं. त्याची नोंद चार पायऱ्यांत करावी: पाहिलं, मदत केली, देखरेखीखाली केलं, स्वतंत्रपणे जमतं. नम्रपणे मागितलंत तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. पोर्टेबल, कमरेचा सांधा, गुडघ्याचा लॅटरल, लहान मूल आणि ट्रॉलीवरचा अपघातग्रस्त, एवढे प्रकार आधी घ्यायला सांगा. छाती पुष्कळ झाली.

लॉगबुकाची ओळ बदला. तारीख, तपासणी, रुग्णाचं वय आणि अंगयष्टी (नाव नको), केव्हीपी (ट्यूबचं व्होल्टेज), एमएएस, अंतर, डेव्हिएशन इंडेक्स, पास की रिपीट, रिपीट असेल तर का, आणि सही त्याच दिवशी. अशा साठ ओळी ४१२ पेक्षा जड. रिपीट झालेल्या फिल्म लपवू नकोस असं तिला आवर्जून सांगा. परीक्षकांना त्यातून जास्त कळतं आणि तिला तर सगळ्यात जास्त.

रोज तीन फिल्म घेऊन त्यांची चूक-बरोबर स्वतः लिहायची, मग शिक्षकांना दाखवायची. छातीचा पीए घ्या. दोन्ही क्लॅव्हिकलची (गळ्याखालच्या आडव्या हाडांची) आतली टोकं मणक्याच्या काट्यापासून सारख्या अंतरावर आहेत का? नसतील तर रुग्ण वळलेला होता. खांद्याची पाती फुप्फुसावर आलीत का? मग खांदे पुढे ढकलले नव्हते. डायाफ्रामच्या वर मागच्या दहा बरगड्या मोजता येतात का? नाही, तर श्वास अर्धाच घेतला. फुप्फुसांची वरची टोकं आणि खालचे दोन्ही कोन चित्राच्या आत आहेत का? सगळं पाहून शेवटचा प्रश्न, जो परीक्षक हमखास विचारतात: ही फिल्म पुन्हा काढायची का? थोडी वळलेली फिल्म, पण डॉक्टरांना जे पाहायचंय ते स्पष्ट दिसतंय, तर ती चालते. खालचा कोन कापला गेलाय आणि संशय फुप्फुसाभोवतीच्या पाण्याचा आहे, तर पुन्हा काढावीच लागते. ‘जराशी चूक आहे, काढू पुन्हा’ हे उत्तर मार्क घालवतं.

पोझिशनिंगचा सराव मैत्रिणीला झोपवून करावा, घरी गादीवरही होतो. बोलत बोलत करायचा: आता मी नाव विचारते, आता मासिक पाळीची तारीख विचारते, आता मार्कर ठेवते. पाच मिनिटांचं घड्याळ लावून. पण सरावासाठी माणसावर एक्सपोजर कधीही, एकदाही द्यायचं नाही. ते फॅन्टमवरच, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावरच.

आणि तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक पाहून घ्या. तिच्या स्वतःच्या नावाचा टीएलडी बॅज (अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला) आहे का, आणि दर तीन महिन्यांनी बदलून त्याचा अहवाल तिला दाखवला जातो का? तो छातीच्या उंचीवर, लेड ॲप्रनच्या आतून लावायचा असतो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३० आहे. हा तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न आहे, म्हणून आकडे तिला पाठ असतील. पण रडणारं मूल धरायला दरवेळी विद्यार्थिनीलाच उभं करत असतील तर ते चूक आहे. आधी मुलाला पट्ट्यांनी, उशांनी स्थिर ठेवता येतं का ते पाहायचं. नाहीच जमलं, तर घरच्या माणसानं ॲप्रन घालून धरायचं, आणि त्या आईला दिवस गेलेत का हे आधी विचारायचं. तसंच रात्रपाळीत तिला एकटीला मशीनवर सोडत असतील, तर तेही विभागप्रमुखांच्या कानावर घाला. ज्या मुलीच्या कागदावर ‘थेट देखरेखीची गरज’ असं त्यांनीच लिहिलंय, तिच्या शेजारी सही करणारं माणूस उभं असलं पाहिजे.